मास्तरांची शिवण

सत्तारमास्तरांच्या चष्म्याच्या काडीला एक लाल दोरा बांधलेला असतो. वीतभर लांब. मास्तर तुमच्या कमरेचं माप घेत असतात, टेप तुमच्या पोटाभोवती असतो, आणि त्यांची नजर मात्र त्या दोऱ्यावर. मधेच म्हणतात, "वारं पश्चिमेचं हाये. जरा दक्षिणेकडं झुकून राहिलं." मग माप विसरतात आणि टेप पुन्हा टाकतात. जवळा बाजारातल्या निम्म्या पँटी यामुळेच कमरेत ढिल्या आहेत, असं माझी बायको म्हणते. ढिल्या आहेत, पण उसवली एकही नाही. हीच चाळीस वर्षं मास्तरांच्या दुकानाची पाटी होती. वेगळी पाटी लावायची गरज त्यांना कधी पडली नाही.

दुसरी त्यांची खूण म्हणजे "उद्या या". कपडा टाकून आठ दिवस झाले तरी उद्या या, पंधरा झाले तरी उद्या या. एकदा मी चिडून म्हणालो, "मास्तर, अहो, लग्न आज आहे."

"मग नवरदेवालाच उद्या या म्हनाव," ते म्हणाले, आणि तासाभरात सफारी हातात दिली.

तरुणपणी दोन वर्षं ते कोकणात मामूकडे होते, एका बंदरावर. तिथे शिडं शिवायचे. त्यानंतर जन्मभर सदरे आणि पायजमे शिवले, पण डोक्यातलं शीड काही उतरलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी सिद्धेश्वर धरणावरच्या भोई मंडळींकडून एक जुनी होडी मागून आणली आणि मांजरपाटाचं शीड शिवायला घेतलं. मांजरपाट कमी पडलं, तशी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांची ठिगळं लागली. माझ्या सफारीचा बदामी तुकडा अगदी मधोमध होता.

त्याच सुमारास हिंगोलीच्या एका डॉक्टरांनी शिडाची तयार बोट आणून धरणात सोडली होती. ते एकदा दुकानात आले आणि शीड पाहून म्हणाले, "मास्तर, ही गोधडी कुणाची?"

मास्तरांनी दोऱ्याकडे पाहिलं. "पान्यावर बघू, डॉक्टरसाब. तुमचं शीड मशिनीचं, माझं हाताचं. कोन्चं उसवतं ते बघू."

शर्यत ठरली. काठावरून निघायचं, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीच्या खोडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. मास्तरांच्या नावेत बसायला गावातून दोनच माणसं तयार झाली. एक मी, शाळेत गणित शिकवणारा. दुसरे बाबाराव, गावातले सर्वांत वजनदार शेतकरी, दोन्ही अर्थांनी. बाबारावांना पोहता येत नव्हतं. त्यांनी तेलाचे दोन रिकामे कॅन काखेत बांधून घेतले होते.

सरावाच्या पहिल्या दिवशी मास्तर ओरडले, "बाबाराव, तिकडं सरका!"

"तिकडं म्हंजी कोनीकडं? समदीकडं पानीच हाये!"

दुसऱ्या दिवशी मास्तर खडू घेऊन आले, कापडावर खुणा करायचा. नावेच्या टोकावर त्यांनी 'कॉलर' लिहिलं, दोन्ही बाजूंना 'बाही' आणि मागे 'घेर'. त्यानंतर काही चुकलं नाही. "बाबाराव, डाव्या बाहीत!" म्हटलं की बाबाराव कॅनसकट बरोबर डाव्या बाहीत.

माझ्याकडे शिडाची दोरी होती. "सर, दोरी हातातच धरायची. लईच हात दुखला तर फळीला सुरगाठ मारा, पायजम्याच्या नाडीची. एका ओढीत सुटली पायजे. नाडीला निरगाठ बसली की काय तकलीफ होती ते तुमाला सांगावं लागतं का?"

मी हसलो होतो.

शर्यतीच्या दिवशी काठावर निम्मं गाव होतं. डॉक्टरांची पांढरी बोट झोकात निघाली, पण बाभळीजवळ वळसा मोठा घेऊन मागे पडली. आमची गोधडी पुढे आली. काठावरच्या लोकांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दोरीने माझे तळवे सोलले होते. आता दोनच मिनिटं, असं म्हणून मी दोरी फळीला बांधली. शेतकऱ्याच्या घरचा माझा हात. पोत्याचं तोंड बांधतात तशी बांधली, तीन वेढे आणि वरून निरगाठ.

एकाएकी वाऱ्याचा झोत आला.

"सोडा, सर! सोडा!"

मी ओढली. गाठ आणखी आवळली. डावी बाही पाण्याखाली गेली आणि मागोमाग आम्ही तिघं.

भोयांनी आम्हाला काढलं. बाबाराव तर कॅनवर नुसते तरंगत होते आणि "कोन्ती बाही, कोन्ती बाही?" विचारत होते. मास्तर सर्वांत शेवटी वर आले. चष्मा शाबूत, लाल दोरा गालाला चिकटलेला.

काठावर डॉक्टरांनी विचारलं, "झालं काय?" मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "माझी शिवन उसवली."

लोकांनी शीड पसरलं. माझ्या बदामी तुकड्याजवळ हातभर शिवण खरंच उघडी होती.

मी गप्प राहिलो. तिथेच नाही, सहा वर्षं. पोरंसोरं दुकानाच्या पायरीवर म्हणू लागली, "मास्तर, पँटीला शिडाची शिवन घालू नका." लग्नाचे कपडे स्टँडजवळच्या नव्या दुकानात जाऊ लागले. नाव परत गेली, शिडाचा दुकानाला पडदा झाला. मी मनाला समजावत राहिलो की गाठ माझी होती खरी, पण शिवणही उसवलीच होती की. या एका 'पण'वर मी सहा वर्षं काढली.

गेल्या महिन्यात पँट सैल करायला गेलो होतो. एका गिऱ्हाइकाने तोच विनोद केला. मास्तर त्याच्याबरोबर हसले. तो गेल्यावर मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी निरगाठ मारली होती."

मास्तरांनी मशीन थांबवलं. बटणांचा डबा उघडून तळातून दोरीचा एक तुकडा काढला. दोन्हीकडून कापलेला, मधे माझी गाठ. तीन वेढे.

"पान्यात मीच कापली. लोकायनं बघितली असती."

"आणि शिवण?"

त्यांनी कायम गळ्यात लटकणारी छोटी कात्री हवेत दोनदा चालवली. "आपलीच शिवन, आपलीच कात्री."

माझा 'पण' तिथेच संपला. मी विचारलं, "काहून, मास्तर? चाळीस वर्षांचं नाव..."

ते सुईत दोरा ओवत राहिले. दोनदा चुकला. "गाव तुमाला हसलं असतं, तर तुमी पुन्हा नावेत बसले नसते. माझ्या नावेत बसायला दुसरं कोन व्हतं, सर?"

मी तर तरीही बसलो नव्हतो. नावेचं नावही काढलं नव्हतं.

मी बाकावर बसून ती गाठ सोडवू लागलो. आधी नखांनी, मग दातांनी. वाळून दगड झाली होती. मास्तर पायजम्याचा घेर दुमडत होते, मधूनमधून दोऱ्याकडे बघत होते. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा जेमतेम एक वेढा ढिला झाला होता.

"न्हाई सुटली," मी म्हणालो.

मास्तरांनी ती माझ्या हातातून घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"उद्या या," ते म्हणाले.