बबनरावांचा हम

आमच्या कॉलनीत सगळ्यात भारी स्टिरिओ बबनराव काळोख्यांच्या घरी होता, आणि त्या स्टिरिओवर एक अख्खं गाणं कॉलनीतल्या कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं.

बबनराव तबकडी काढायचे, मलमलच्या फडक्यानं पुसायचे आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तशी सुई अलगद टेकवायचे. मग डोळे मिटायचे. तबकडीच्या कडेला कोरा भाग असतो, त्यात गाणं नसतंच. तो फिरत असायचा आणि आम्ही पाहुणे मंडळी चहाच्या कपबश्या सांभाळत सरसावून बसलेलो. तंबोरा सुरू झाला, गवयानं पहिला 'आ' लावला, की बबनराव चटकन सुई उचलायचे.

"हाय," म्हणायचे. "अजून हाय."

संपली मैफल. या आता घरी!

हे काय 'हाय' ते मला कळायला वेळ लागला. मी शाळेत गणित शिकवायचो. पिंपरीत त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये नवा राहायला आलो तेव्हा ते जिन्यात भेटले. चेहरा अगदी उतरलेला. मी आपलं सहज विचारलं, "काय बबनराव, बरं आहे ना?"

"कशाचं बरं, मास्तर? हम जात न्हाई."

मला 'दम' ऐकू आलं. म्हटलं, "थंडीत वाढतोच तो. दही बंद करा आणि गरम पाण्याची वाफ घ्या."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वाफ दिली तर ट्रान्सफॉर्मर जळंल न्हवं का?"

मग त्यांनी मला घरात नेऊन समजावलं. हम म्हणजे सेटमधून गाण्याच्या मागे येणारी बारीक घूंऽऽ. विजेवरच्या सेटात ती थोडीफार असतेच म्हणे. "खरखर तबकडीची असती. ती तिची, तिला मी काय बोलत न्हाई," बबनराव म्हणाले. "पर घूं आपली. आपल्या घरातली घान आपुनच काढाय पायजे."

माणूस मूळचा चाकणकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. एका मोठ्या कारखान्यात प्रेस शॉपचा फोरमन. प्रेस शॉप म्हणजे जिथे पत्र्यावर दिवसभर यंत्राचे घण पडतात ती जागा. शिफ्ट संपवून आले की पहिला अर्धा तास बबनराव ओरडूनच बोलायचे. "भाकरी वाढ" म्हणाले तरी आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पोस्टानं रेडिओचा कोर्स केलेला. वॉल्व्ह, म्हणजे सेटात दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्या, जुन्या बाजारात भंगारातून निवडून आणलेले. आणि स्पीकर? गटाराला घालतात ते सिमेंटचे दोन पाइप बाहेरच्या खोलीत उभे करून त्यात बसवलेले!

"लाकूड थरथरतं, मास्तर. शिमेंट मान बी हलवत न्हाई."

"लोकांच्या घरात शोकेस असतंय," इंदूवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, आतून म्हणायच्या. "आमच्यात गटार."

त्या हमपायी या माणसानं काय काय केलं! ट्रान्सफॉर्मर इतक्या वेळा नव्यानं गुंडाळून घेतला, की मोटर रिवाइंडिंगवाले रफीकभाई शेवटी हात जोडून म्हणाले, "काळोखेसाहब, अब बस करो, तांबा भी रो देगा." वरच्या मजल्यावर कॉलनीतला एकुलता एक फ्रीज होता. त्यानं हम येतो म्हणून बबनराव वर गेले, "वाईच बंद करा की राव." त्यांचं ते वाईच इतकं लांबलं, की वरच्यांचं सणाचं श्रीखंड आंबलं. ते लोक दिवाळीपर्यंत बोलत नव्हते.

मग अर्थिंग. खिडकीखाली खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, तांब्याचा पत्रा पुरला. ती जागा ओली राहावी लागते, म्हणून बबनराव रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्यानंच तिथे तांब्याभर पाणी घालायचे. मागच्या चाळीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि महिन्याभरात तिथे हळदीकुंकू पडायला लागलं, जास्वंदी वाहिल्या जाऊ लागल्या. मला वाटलं आता भडकणार. कसचं काय! "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "कुनाच्या का पायगुनानं जाईना."

तो गेला नाही.

भरीत भर म्हणजे गुरुवार. आमच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी दिवसभर वीज बंद असायची, म्हणून कारखान्यांची सुट्टीही गुरुवारीच. म्हणजे बबनराव मोकळे असतील त्या दिवशी सेट मुका, आणि सेटला वीज असेल त्या दिवशी बबनराव कंपनीत. दैव एखाद्याच्या मागे लागतं म्हणजे किती लागावं!

येईल त्याला ते खुर्चीत बसवून विचारायचे, "येतोय ना?" सगळे म्हणायचे, नाही बुवा. मीही नाहीच म्हणायचो. नाही ते नाही. उत्तर चुकलं तर आपल्याला झोप लागत नाही. "खडूनं कान बुजलं तुमचं," ते म्हणायचे आणि पुन्हा पाना-पक्कड काढायचे. एकदा मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, मग ऐका की गाणं सरळ! एवढ्याशा घूंनं काय आकाश कोसळतंय?"

बबनराव रागावले नाहीत. सुईवरची धूळ फुंकत म्हणाले, "आमच्या गावाला देवळात भजन असायचं. वीनेकरी आधी तार लावायचा. लावून झाली की घडीभर समदं गप. पोरं गप, वारं गप. आन् मंग पयला सूर. तो सूर त्या गपातनं यायचा, मास्तर. गानं काय, हॉटेलात रेडिओवर बी लागतंय. मला ते गप पायजे. दिसभर घन ऐकतो. दिसातनं एकदा, येवढंसं गप. लई मागतोय का मी?"

घरी आलो आणि उगाचच बायकोवर खेकसलो.

त्यानंतर थोड्या दिवसांनी इंदूवहिनींनी मला जिन्यात गाठलं. हातात दळणाचा डबा, पण गिरणीत जायची घाई दिसेना.

"मास्तर, एक सांगू? त्यो हम सेटात न्हाई."

"म्हणजे?"

"मागं माझ्या म्हायेरी गेलतो. राजगुरुनगरच्या वर, पार डोंगरात. तितं अजून खांब सुदिक न्हाई विजेचा. दुपारचं बाभळीखाली पडलं हुतं, ते एकदम उठून बसलं. म्हनलं, 'इंदे, हम हाय गं.'" त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबलं. "आन् रडलं, मास्तर. पोरावानी रडलं. घरी आल्यावर पुन्यांदा सेट खोलून बसलं. ते काय बोललं न्हाईत, मी बी काय बोलले न्हाई."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दावलं की. ते म्हनलं, प्रेसवाल्यांचं असंच व्हतंय, सवय करा."

सवय करा! मला त्या न पाहिलेल्या डॉक्टरचा असा संताप आला, की जिन्यातच त्याला दोन शिव्या दिल्या. वहिनींसमोर.

त्या म्हणाल्या, "तुमी एकदा व्हय म्हना. येतोय ऐकू म्हना. सारी कॉलनी न्हाई म्हनती. त्या आवाजात ते एकलंच हाय वो."

उभा जन्म पोरांना खोट्या उत्तरासाठी बाकावर उभं करत आलेला मी. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून हो म्हणालो.

डिसेंबर होता. परीक्षेच्या कामासाठी मी राजगुरुनगरला गेलो होतो, तो दुपार कलल्यावर परत आलो. वाटेत मनाशी वाक्य घोटत होतो. बबनरावांचं दार उघडंच. ते खुर्चीत बसलेले, समोर ते दोन पाइप, तबकडी काढून ठेवलेली. खिडकीतून ऊन आत आलेलं. मला बघून त्यांनी खुर्ची सोडली.

"बसा, मास्तर. आज नीट ऐकून सांगा. येतोय ना?"

मी बसलो. डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघतो तसा गंभीर झालो.

"हो," म्हटलं. "येतोय."

"येतोय?"

"बारीक आहे, पण आहे." खोटं बोलायची सवय नसली की माणूस फार बोलतो. "घूंऽऽ असा. डाव्या बाजूनं जरा जास्त."

मी डोळे उघडले. बबनराव माझ्याकडे टक लावून बघत होते.

"आज गुरुवार हाय, मास्तर."

सेटवरचा लाल दिवा विझलेला होता. बटणसुद्धा बंद होतं. चोरी पकडलेल्या पोराचं तोंड कसं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं; त्या घटकेला माझं तस्संच झालं असणार.

"अगं, च्या टाक," बबनराव आत ओरडले. "मास्तरला बी हम यायला लागला!" आणि हसायला लागले. हसता हसता खाली सतरंजीवरच बसले. मग हसू थांबलं.

"हिनं सांगितलं न्हवं तुमाला?"

मी मान हलवली.

"मला बी डाव्याच बाजूनं येतो. आज सेट बंद, तरी बी येतोय, म्हनून तुमाला इचारलं," ते म्हणाले. "बाभळीखालीच कळलं हुतं. पर सेटात हाय म्हनलं की बरं वाटायचं. सेट खोलता येतो. ह्ये काढून बगू, त्ये लावून बगू. कानाला कुटं अर्थिंग द्यायचं, मास्तर?"

वहिनींनी चहा आणून ठेवला. कुणी प्यायलं नाही. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. दिवेलागणीला बाहेर पोरांनी "आलीऽऽ" म्हणून आरडाओरडा केला, रस्त्यावरचे दिवे लागले. बबनराव जागचे हलले नाहीत. रोज ज्याच्यासाठी धावत यायचे तो सेट समोर होता आणि ते भिंतीकडे बघत होते. मला ते बघवेना.

"लावा," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी ऐकतो. तुम्ही लावा तर."

ते कसेबसे उठले. बटण दाबलं, वॉल्व्ह तापू दिले, तबकडी पुसली. सुई टेकली. इतक्या वेळा त्या खुर्चीत बसलो होतो, पण घूं आहे की नाही एवढं बघून लक्ष सगळं पुढच्या गाण्याकडे. आज पहिल्यांदाच त्या कोऱ्या भागाकडे मन लावून कान दिला. तबकडीची जराशी खरखर, आणि तिच्यामागे काही नाही. खरोखर काहीच नाही. बबनराव सेटकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गप हाय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गप आहे."

"शप्पत?"

"बबनराव, माझं खोटं मघाशीच बोलून झालं. गप आहे."

"कसं हाय?"

आता हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "दुपारी विहिरीवर कुणी नसलं की पाणी असतं ना आत, तसं."

त्यांनी मान डोलावली. "मंग झाला म्हनायचा सेट."

तेवढ्यात तंबोरा सुरू झाला. गवयानं पहिला सूर लावला आणि सवयीनं बबनरावांचा हात सुईकडे गेला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला, मग खाली येऊन मांडीवर विसावला.

त्या सेटवर अख्खं गाणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बबनरावांनी किती ऐकलं ते मला सांगता येणार नाही. ते शेवटपर्यंत माझ्याच तोंडाकडे बघत होते.