मिर्ताच्या नवव्या दिवसाची जपमाळ

मिर्ता गेल्याच्या नवव्या दिवसाची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली, तरी तिची न्यूयॉर्कमधली लेक युदेल्का कॉम्प्युटरवर उमटेना. तिची कागदपत्रं अडकलेली. त्या देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेणार नाहीत, म्हणून आईच्या मातीलाही ती गावी, ओकोआला येऊ शकली नव्हती. निदान आजच्या जपमाळेला तरी पोरगी हवी, एवढाच तिच्या बापाचा, म्हाताऱ्या एलादिओचा हट्ट होता.

"दाजी, सरका बघू," मेहुणा विल्फ्रिदो म्हणाला. गच्च्यागच्च्यांवर डबे बसवून गावात इंटरनेट त्यानंच खेळवलं होतं. बंद पडलं की शिव्याही त्यालाच.

"सरकून सरकून भिंतीला टेकलो रे! दिसते का ती?"

"आपलं तिकडे जातंय. तिकडचं येत नाहीये. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. यायची कुठंतरी तुंबलीय."

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. कुणी वायरीवर फुंकर मारली. कुणी कॉम्प्युटर उचलून थेट वेदीवर, मिर्ताच्या फोटोशेजारी ठेवला. मेणबत्तीचं मेण बटणांवर ओघळलं. विल्फ्रिदो शिडी खांद्यावर टाकून एकेक गच्ची तपासत सुटला. प्रार्थना सांगणारी बाई तरी किती थांबणार? लेकीविनाच जपमाळ उरकली आणि माणसं अंगणात कॉफीला गेली.

एलादिओ काळ्या पडद्यासमोर एकटाच उरला आणि त्याचा बांध फुटला.

"पोरी, मी खोटं बोललो गं. तुझी आई झोपेत नाही गेली. तुलाच विचारत होती. मी म्हटलं, निघालीय, बसमध्ये आहे. दाराकडे बघत गेली बिचारी." त्यानं नाक पुसलं. "आणि तो तुझा नवरा! नुसता खांब! तुला घेऊन गेला तो गेलाच. मेल्याला साधी डाळ शिजवता येत नाही!"

तेवढ्यात विल्फ्रिदो शेजारच्या फेफाबाईंना घेऊन धापा टाकत आला.

"सापडलं, दाजी! यांच्या गच्चीवरच्या डब्याची पिनच काढलेली! तिकडून येणारं सगळं टेकडीवरून वळसा घालत होतं. चेहरा नि आवाज वाटेतच गळायचा. लावली आता."

"मग? मयताच्या दिवसांत घरात काही चालू ठेवतात का?" फेफाबाई रडवेल्या झाल्या. "मिर्ता मला बहिणीसारखी. नऊ दिवस टीव्ही नाही, रेडिओ नाही. आज शेवटचा दिवस, आणि तो मेला डबा लुकलुकतोय! काढून टाकली पिन."

पडदा उजळला. युदेल्का होती. डोळे सुजलेले, हातात जपमाळ.

"बाबा, मी पहिल्यापासून इथंच आहे. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. सगळी जपमाळ म्हटली मी तुमच्याबरोबर." तिनं जपमाळ मुठीत घट्ट धरली. "आईचंही ऐकलं."

मागून एक उंच माणूस अवघडून वाकला. "नमस्कार, सासरेबुवा. डाळ शिकतोय मी."

एलादिओनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"फेफा," तो पुटपुटला, "जा बाई, ती पिन परत काढ."

पण पडद्यावर लेकीच्या गालाला टेकवलेला आपला हात काही त्याच्यानं काढवेना.