आजीचं आजारपण आणि केमिस्ट्रीतला सी

ब्रिटाला केमिस्ट्रीत सी मिळाला आणि लिंडक्विस्टांच्या घरात संकटाची शोधाशोध सुरू झाली. वर्ग कॉलेजच्या पातळीचा, शाळेतला सगळ्यात अवघड. बाकी विषयांत तिला ए होते. पण तिचा जीव एकाच कॉलेजात अडकला होता, आणि तिथल्या अर्जात 'ग्रेड घसरायला घरचं काही कारण?' म्हणून ऐसपैस जागा होती. ती कोरी सोडणं तिच्या आईला, इन्ग्रिडला, पाप वाटत होतं.

"गेल्या वर्षी आपल्याकडे काय वाईट झालं?" इन्ग्रिडने जेवताना विचारलं.

"गॅरेजचं दार बिघडलं होतं," बाबा म्हणाले.

"आजारपण म्हणतेय मी!"

सगळ्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं. तो खुशाल शेपूट हलवत होता. मग नजरा आर्डिस आजीकडे वळल्या.

"आई, तुम्हाला मध्यंतरी खोकला झाला होता ना?"

"शेंगदाणा अडकला होता, सूनबाई."

"आई, राहू दे गं," ब्रिटा म्हणाली. "मला तो विषय जमला नाही, एवढंच."

"एवढंच असं सांगतात का कुणी!"

आजीचा नातीवर फार जीव. "पोरीचं भलं होणार असेल तर आहे मी आजारी," ती म्हणाली. "फक्त बुधवार सोडून. बुधवारी माझं पिना पाडायचं बोलिंग असतं."

इन्ग्रिडने शाळेतल्या प्रवेश सल्लागार बाईंना फोन करून सासूबाईंची तब्येत तोळामासा झाल्याचं कळवलं. बाई हळव्या, त्यातून लिंडक्विस्टांच्याच चर्चमध्ये गाणाऱ्या. रविवारी पाद्र्यांनी सगळ्यांना आर्डिसबाईंसाठी प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा आर्डिसबाई तिसऱ्या बाकावर पेपरमिंट चघळत होत्या. त्यांनी प्रसंगावधान राखून खोकायला सुरुवात केली.

सोमवारपासून दारात हॉटडिश येऊ लागल्या. मिनेसोटात कुणी अंथरूण धरलं की बटाटे, खिमा आणि मश्रूम सूपचं ते भाजलेलं भांडं शेजारीपाजारी पोचवतातच. आजी पांघरुणातून क्षीण आवाजात आभार मानायची आणि दार लागताच म्हणायची, "मीठ कमी आहे."

त्यातच कॉलेजचा निरोप आला. ब्रिटाची मुलाखत तिथल्या जुन्या विद्यार्थिनी मिसेस टॉफ्ट घेणार होत्या. सगळ्यात मोठं भांडं त्यांचंच होतं.

"आजीचं विचारलं तर नुसती मान खाली घाल," इन्ग्रिडने बजावलं.

कॉफीच्या दुकानात मिसेस टॉफ्टनी पहिलं तेच विचारलं. "आजी कशी आहे गं?"

ब्रिटाने मान खाली घातली. समोर हवं असलेलं कॉलेज होतं आणि पोटात त्यांचीच हॉटडिश. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आजी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "केमिस्ट्री मला झेपली नाही. सोडावीशी वाटली होती, पण शेवटपर्यंत बसले. तरी सीच पडला."

मिसेस टॉफ्ट हसू लागल्या. "ठणठणीत आहे ते मला ठाऊक आहे. काल बोलिंगमध्ये मला हरवलं तिने. वर माझं भांडं परत देऊन म्हणते, पुढच्या वेळी मीठ बघून घाल! तू आत्ता जे सांगितलंस ना, तेच लिही अर्जात."

ब्रिटाने तेच लिहिलं. इन्ग्रिडला मात्र सल्लागार बाईंना फोन करून सासूबाईंना खडखडीत बरं करावं लागलं, आणि ती कहाणी चर्चभर झाली.

मार्चमध्ये कॉलेजचा होकार आला. ब्रिटा नाचत आजीच्या खोलीत गेली, तर आजी तापाने फणफणलेली. या खेपेला सगळं खरं होतं. इन्ग्रिडने चार घरी कळवलं. चारही घरांतून हसण्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत एकही भांडं दारात आलं नाही.

शेवटी ब्रिटाने स्वतः चिकनचं सूप केलं, पुस्तकात बघून, मोजूनमापून. आजीने एक घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

"मीठ कमी आहे का गं आजी?" ब्रिटाने घाबरत विचारलं.

"नाही बाळ," आजी पाण्याचा पेला चाचपत म्हणाली. "तुला सी कसा पडला, ते मला आज कळलं."

तरी वाटी तिने रिकामी केली.