एलोजींची पश्चिमेची भिंत

सौंदड स्टेशनात सिग्नलचं काम करत होते तोवर एलोजींच्या तऱ्हेवाईकपणाचा त्रास फक्त गाड्यांना होता. पेन्शनीत निघाले आणि तो गावाला सुरू झाला. त्यांच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला कोणी नुसतं टेकलं, की म्हातारा काठी घेऊन बाहेर. एकदा एक बैल अंग घासायला आला, तर त्यालाही दरडावून विचारलं, "रिवाज दाखव!"

एलोजी कुलाब्याकडचे बेने इस्राएल. आमच्या अख्ख्या मुलखात हे एवढेच ज्यू, आणि आम्हाला तेवढे पुरे होते. शनिवारी चूल बंद, प्रार्थना येरुशलेमकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून. म्हणून ती भिंत पवित्र असणार, अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

त्याच सुमारास खुद्द येरुशलेमात तिथल्या पश्चिमेच्या भिंतीचा वाद पेटला. ज्यू म्हणत आमच्या पडलेल्या मंदिराची भिंत, मुसलमान म्हणत आमच्या वक्फाची. प्रार्थनेला आणलेल्या खुर्ची-पडद्यावरून निघालेलं भांडण माणसं मरेपर्यंत गेलं आणि चौकशीला परदेशी पंच बसले. मी गावचा शाळामास्तर. नागपूरचं वर्तमानपत्र माझ्याकडे येई. एलोजी ते ऐकायला येत आणि टेबलावर मूठ आपटत. "शेकडो वर्षं आमचे लोक तिथे उभे राहतात. रिवाज म्हणजेच हक्क!" शाई माझी सांडे.

आणि इकडे? त्यांच्या भिंतीची बाहेरची बाजू शेजारच्या गोदाबाईच्या अंगणात. ती तिथे गोवऱ्या थापी. रिबकाबाई, म्हणजे एलोजींची बायको, होत्या तोवर त्या गोवऱ्यांचा यांना कधी वासही आला नव्हता. पेन्शनीच्याच सुमारास त्या गेल्या आणि वर्षभरात यांनी थेट पंचायत बसवली.

"माह्या सासूपासून थापून रायलो जी आमी," गोदाबाई म्हणाली. "आता काऊन नाई?"

"रिवाज म्हणजे हक्क नव्हे!" एलोजी गरजले.

मी पोट धरून हसलो. एवढी निर्लज्ज कोलांटी मारणं वकिलालाही जमलं नसतं.

"कारण तं सांगा, बापू," पाटील म्हणाले.

"कारण नाही. भिंत माझी."

तलावाचं पाणी वाटून द्यावं तसा पंचांनी निकाल दिला. भिंत एलोजींची, वापर गोदाबाईचा. एलोजी सगळ्यांना शिव्या घालत घरी गेले.

पुढे येरुशलेमचाही निकाल छापून आला. मी तो मुद्दाम चवीनं वाचून दाखवला. मालकी मुसलमानांची, ज्यूंनी यावं, प्रार्थना करावी, खुर्च्या-पडदे आणायचे नाहीत.

"उभं राहू देतात?" एलोजींनी विचारलं.

"देतात."

"मग झालं." मूठ न आपटताच ते उठले.

असा मौका मी सोडतो काय! दोन्हीकडे हरल्याबद्दल पेढे मागायला मी मागोमाग गेलो. एलोजी घरात नव्हते. गोदाबाईच्या अंगणात होते. ती गोवऱ्या काढता काढता थांबली होती.

"रिबकाबाईनं शेवटची सारवली होती ना जी हे भित," ती मला हळूच म्हणाली. "बोटं उमटले हायेत तिचे. गोवरी काढली का पोपडाच निघते. मले आधी सांगाले का झालं होतं या मानसाले?"

गोवऱ्यांच्या मधे ओंजळभर जागेत सारवणाचे फराटे उरले होते. त्यांवर पंजा टेकून, डोळे मिटून एलोजी काहीतरी पुटपुटत होते. येरुशलेमकडे त्यांची पाठ होती.