पाच वर्षांच्या हमीचा चाकू

पेरू कापता कापता चाकूचं पातं मिटलं आणि अवधूत चौबळची तर्जनी मध्ये सापडली. डॉक्टरांनी दोन टाके घातले.

चाकू पुण्याच्या 'तेजधार कटलरी वर्क्स'चा होता, व्ही.पी.पी.ने मागवलेला. उघडल्यावर पातं जागेवर धरून ठेवायला त्याला एक खटका होता आणि नेमका तोच सैल निघाला होता.

"मागच्या गल्लीत यंत्रमागांचे दहा फिटर बसलेत," त्याची बायको नीला म्हणाली. "कुणाच्याही हातात द्या. दोन मिनिटांत ठोकून देईल."

"पाच वर्षांची हमी आहे, नीला. परक्याचा हात लागला की हमी रद्द. मी कंपनीला लिहितो."

खरं कारण निराळंच होतं. अवधूत एका हायस्कुलात हेडक्लार्क होता. बावीस वर्षं तो शाळा सोडल्याचे दाखले लिहीत आला होता आणि 'वर्तणूक चांगली' याच्यापलीकडे आपल्या लेखणीला काही वाव मिळाला नाही, ही त्याची खंत होती. तक्रार करण्याजोगं काही घडलं की तो मनातून सुखावायचा. उजव्या तर्जनीला पट्टी असतानाही त्याने दोन पानी पत्र लिहिलं आणि नीलाला वाचून दाखवलं.

"'सदर चाकू कोणत्याही क्षणी, कोणतीही पूर्वसूचना न देता, मनुष्यहानी करण्यास समर्थ आहे.' कसं वाटतं?"

"पेरू कापताना बोट कापलं, एवढंच झालं ना हो?"

"तेवढंच लिहिलं तर कोण दाद देईल?"

आठ दिवसांत कंपनीचं कार्ड आलं. चाकू रजिस्टर पार्सलने पाठवावा, सोबत तक्रारीची प्रत जोडावी. नीलाने जुन्या उशीच्या अभ्र्यात पुठ्ठ्याची पेटी शिवून दिली. अवधूतने वर सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर, तो पोस्टात गेला.

पार्सलच्या खिडकीवर कशेळीचे केसरीनाथ पाटील होते. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"चौबळ मास्तर, ह्ये काय लिवलंय? वस्तूचं वर्णन, 'धोकादायक चाकू'?"

"आहेच धोकादायक. म्हणून तर पाठवतोय."

"धोकादायक वस्तू पोष्टानं जात न्हाय."

"अहो, पातं आपसूक मिटतं. खटका दुरुस्त झाला की धोका संपला."

"मंग दुरुस्त करून आना, लगेच पाठवतो."

"दुरुस्त झाल्यावर पाठवू कशाला?"

केसरीनाथांनाही हे पटलं. रांग वाढत होती. "आसं करा," ते म्हणाले, "खोलून दाखवा. पातं आपसूक मिटतंय ना? मंग त्यात धोका कसला? मी नुस्ता 'चाकू' लिवतो."

अवधूतने नीलाची शिवण उसवली, चाकू काढला आणि खिडकीसमोर उघडला. खट् असा आवाज झाला. तसा आवाज त्या चाकूने घरी कधीच केला नव्हता. अवधूतने पातं दाबलं. हलेना. दोन्ही हातांनी दाबलं, गजाला टेकवून रेटलं. चाकू सरळच्या सरळ. मागे वळून पाहतो तर रांग नाहीशी झाली होती. सगळी माणसं दाराजवळ भिंतीला चिकटून उभी होती.

"मास्तर, तेवढा खाली धरा ना," केसरीनाथ खिडकीआडून म्हणाले. "आता ह्ये माझ्या हातात न्हाय. पोलीस ठान्यात जा, साहेबाचा कागद आना. कागद असंल तर मी तोफ पन पाठवतो."

दंगलीनंतरच्या त्या काळात भिवंडीत चाकू हा शब्दसुद्धा लोक जपून उच्चारत. अवधूत मात्र पेटी काखेत मारून आणि उघडा चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून भर मंडईतून निघाला. चार पावलांवर पात्याचं टोक कागदातून बाहेर आलं. एरवी मंडईत त्याला कोपर मारल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. आज समोरून येणारा माणूस न् माणूस बाजूला होत होता. भाजीवाली बायजाबाई तर न मागताच म्हणाली, "घ्या मास्तर, मेथीची जुडी तशीच न्या!" अवधूतला क्षणभर बरं वाटलं. मग खांद्यावर हात पडला. हात हवालदाराचा होता.

"काय आहे ते?"

"चाकू. त्याच्या खटक्यात जरा..."

"खटक्याचा चाकू!" हवालदाराने एवढंच ऐकलं.

ठाण्यातले फौजदार चांगदेव म्हात्रे शांत स्वभावाचे होते. अवधूतला त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि पार्सलमधली तक्रारीची प्रत वाचायला घेतली. वाचता वाचता त्यांचा चहा निवला.

"'कोणत्याही क्षणी मनुष्यहानी करण्यास समर्थ.' हे अक्षर तुमचं?"

"हो, पण ते भाषेच्या ओघात..."

"'याचा पुढील बळी कोण, हे सांगता येत नाही.' पुढील? आधीचा कोण?"

अवधूतने तर्जनी वर केली.

म्हात्रे साहेबांनी बोट पाहिलं, अवधूतला पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून जरा वेळ खोकले. दरम्यान हवालदाराने चाकू टेबलाच्या कडेवर हाणला आणि तो गपकन मिटला.

"चौबळ, तुम्ही सरळ माणूस आहात, ते दिसतंय. पण हा कागद माझ्यापुढे आला, म्हणजे मला काहीतरी करावं लागणार. एकतर गुन्हा, नाहीतर जबाब. तुम्ही लिहून द्या, की चाकू घरगुती आहे, त्यात धोका नाही."

"देतो, साहेब."

"आणि रस्त्यात उघडा का होता?"

"खटका लागला होता. इतका पक्का, की सुटेना."

"तेही लिहा."

पोलीस ठाण्यातून घरी जायला मिळतंय म्हटल्यावर अवधूतची लेखणी कधी नव्हे ती धावली. 'सदर चाकू पूर्णतः निरुपद्रवी असून त्याची उघडमीट अतिशय सुलभ आहे. त्याचा खटका एवढा भक्कम की एकदा लागला की दोन माणसांच्या जोरानेही ढळत नाही. असा विश्वासू चाकू प्रत्येक गृहिणीच्या हाती असावा, असे माझे प्रांजळ मत आहे.' शेवटच्या वाक्याची साहेबांना गरज नव्हती. पण ते सुचलं होतं आणि सुचलेलं खोडणं अवधूतच्या जिवावर येई.

साहेबांनी एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरीवर ठाण्याचा गोल शिक्का मारून दिली. सोमवारी केसरीनाथांनी तो शिक्का उजेडात धरून पाहिला, कागद तक्रारीबरोबर पेटीत घातला आणि नव्याने शिवलेल्या पार्सलवर स्वतःच्या हाताने लाख लावली.

तीन आठवड्यांनी चाकू परत आला. नीलाने तो टेबलावर उघडून ठेवला. पातं हळूच मान टाकत मिटलं. सोबत टाइप केलेलं पत्र होतं. अवधूतने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला आवाज खाली आणला.

'आपली तक्रार आणि आपला जबाब, दोन्ही आम्ही काळजीपूर्वक वाचले. तक्रारीवर केवळ आपली सही आहे. जबाबावर पोलीस ठाण्याचा शिक्काही आहे. सबब आम्ही जबाब ग्राह्य धरला असून चाकू दुरुस्तीविना परत पाठवीत आहोत. आपली भाषा अत्यंत प्रभावी आहे. सदर जबाब आमच्या दिवाळीच्या किंमतपत्रकात छापण्याची आमची इच्छा आहे. हरकत नसल्यास आपला अलीकडचा फोटो पाठवावा.'

नीला हसता हसता खालीच बसली. "आता तरी तो फिटरला द्या!"

"फिटर नंतर. आधी यांना उत्तर!" अवधूतने तावातावाने कागद ओढला. 'आपले उद्धट पत्र मिळाले' एवढं लिहिलं आणि तो थांबला. कंपनीचं पत्र त्याने परत हातात घेतलं. मधलं एक वाक्य त्याने तीनदा वाचलं. बावीस वर्षांत हे त्याला कोणीच म्हटलं नव्हतं, मुख्याध्यापकांनीही नाही आणि घरात तर प्रश्नच नव्हता. त्याने आपला कागद चार घड्या घालून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून स्टेशनरीच्या दुकानावरच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसला.

"पासपोर्ट साइज का, साहेब?" फोटोग्राफरने विचारलं.

"छे, छापायला द्यायचाय," अवधूत म्हणाला. "लेखकांचे असतात तसा काढा. जरा तिरका, हनुवटीवर हात ठेवून."