सातवी विहीर

सोपानला कुत्रं चावलं तेव्हा मी एक थाप मारायचं ठरवलं. एकच. आयुष्यभर मारल्या त्या मानाने ही किरकोळ होती, आणि शिवाय पुण्याच्या कामाची.

सोपान माझा शेजारी. येडगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे त्याची आरती मला आणि माझी टिंगल त्याला रोज फुकट ऐकायला मिळते. धरणाच्या कडेला मोटार चालू करायला गेला आणि भटक्या कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. मी साबण घेऊन पळालो. (साबण बायकोचा, प्रयागचा, वासाचा. ती त्यावरून काय बोलली ते इथं लिहीत नाही.) जखम नळाखाली चांगली धुतली आणि म्हणालो, "चल, सरकारी दवाखान्यात. सुई घेऊ."

"पोटात देत्यात ती, तात्या. चौदा."

"ते जुनं झालं. आता दंडात देत्यात."

"सुईनं डोकं फिरतं, मोबाईलवर आलंय. आपल्यात सात विहिरीत डोकवायचं असतंय."

आमच्याकडे ही रीत आहे. कुत्रं चावलं की सात विहिरींत वाकून पाहायचं, सातवीत विष उतरतं. रीत निघाली तेव्हा पावलोपावली विहिरी होत्या. आता सगळीकडे बोअर. सोपान मोटरसायकलवरून पार आण्याच्या पठारापर्यंत हिंडला आणि सहावर अडकला. एका बोअरमध्ये त्यानं टॉर्च मारून पाहिलं, पण त्याचंच मन मानेना.

"तात्या, शेततळं धरलं तर चालंल का?"

"त्याला खाली प्लास्टिकचा कागद असतोय. कागदातनं विष उतरंल कसं?"

"ते बी खरंय," म्हणून तो रडकुंडीला आला.

मला हसू येत नव्हतं. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही. पाण्याला भिऊन मेलेला माणूस मी लहानपणी पाहिलाय. त्यानं सातही विहिरी पाहिल्या होत्या.

म्हणालो, "सातवी मला ठावं हाय. दवाखान्याच्या मागं, जुनी दगडी. लई कडक. पर तिचा नेम हाय. आधी दंडात सुई, मग डोकवायचं."

"सुई कशाला?"

"विषाला बाहेर पडायला भोक नको का?"

सोपाननं विचार केला आणि मान डोलावली. (माझी एवढ्या वर्षांत त्याला पटलेली ही पहिली गोष्ट.)

त्यानं सुई घेतली, विहिरीत डोकावला, आणि पुढच्या सगळ्या सुयांना उपास धरून गेला. दवाखान्यातली ज्योत्स्ना सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तात्या, आमच्या आजोबांनी हे सगळं सोडून धम्म घेतला, आणि तुम्ही माझ्या दवाखान्यात नवी विहीर काढली?"

"लस घेतली ना त्यानं?"

"घेतली."

"मग?"

"मग काय. अंगाशी येईल तुमच्या."

सोपान धडधाकट राहिला. श्रेय विहिरीला गेलं. आजूबाजूच्या गावांतून कुत्रं चावलेली माणसं यायला लागली. सुई घ्यायची, डोकवायचं, समाधानानं घरी जायचं. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग कुणीतरी घंटा बांधली. सोपान तिथं सेवेकरी म्हणून बसू लागला. आणि बाया नैवेद्य ठेवू लागल्या, भाकरी आणि दूधभात.

विहीर भाकरी खात नाही हे मला माहीत होतं. कुत्री खातात, हे ध्यानात आलं नव्हतं.

तालुक्यातली निम्मी कुत्री दवाखान्यामागं मुक्कामाला आली. ज्योत्स्ना सिस्टरनं मला बोलावणं धाडलं. "धोंडाबाई बीपीच्या गोळ्या न्यायला आली आणि चावा घेऊन गेली. लस संपत आलीय, तात्या. उद्या खरी गरज असलेल्याला काय देऊ? लावलंय तुम्ही, काढा तुम्ही."

अमावस्येला गर्दी असते. मी कठड्यावर चढलो. "मंडळी, या विहिरीत गाळ हाय, दुसरं काय न्हाई. ही थाप मी मारली. चावलं तर साबणानं धुवा आन सुई घ्या. आन ही भाकरी..."

पुरावा दाखवायला म्हणून मी एक भाकरी उचलली. तिच्यावर एका तांबड्या कुत्र्याचा आधीच डोळा होता. त्यानं माझी पोटरी धरली.

सोपान हळूच म्हणाला, "ऐकलं तिनं."

"कुत्रं चावलंय मला. विहीर न्हाई चावली."

"आन कुत्रं धाडलं कुनी?" धोंडाबाई म्हणाली. असल्या वादाला शाळा जास्त लागते. (माझं शिक्षण सातवी.)

ज्योत्स्ना सिस्टरनं जखम धुऊन सुई दिली. "दुखतंय का?"

"न्हाई."

"दुखायला पाहिजे होतं."

बाहेर प्रयाग उभी. "मुकाट्यानं वाका. मला रांडपण नको."

सोपाननं मान धरली, तिनं कंबर. मी विहिरीत डोकावलो. खाली हिरवं पाणी आणि वर टांगलेला मी. तेवढ्यात सुचलं. मी तसाच वाकून ओरडलो, "भाकरी बंद करा, म्हनतीय. नैवेद्य टाकणाऱ्याला तिचा गुण येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिथं भाताचं शीतसुद्धा नव्हतं. आठवडाभरात कुत्री पांगली. लस पुरायला लागली. खरं सांगितलं तेव्हा कुत्रं चावलं, आणि वाकून खोटं बोललो तर गाव सुधारलं. सिस्टरला हे सांगितलं की ती लशीच्या बाटल्या मोजायला घेते.

आता लोक माझ्या दारात येऊन पाया पडतात. मी म्हणतो, बाबांनो, सगळी थाप हाय. ते एकमेकांना सांगतात, बघा, किती साधेपणा. प्रयागनं मला ओट्यावर सतरंजी टाकून दिलीय. मला वाटलं, उतारवयात का होईना, बायकोच्या नजरेत मी चढलो.

काल तिनं समोर बादली आणून ठेवली. "पाया पडत्यात मान्सं. निदान ते धुऊन तरी बसत जावा."