बिटरवेलची ज्यूरी

जजसाहेब वर्षातून एकदाच बिटरवेलला येत, आणि यंदा इथे खटला उभा राहिला नाही तर तेही बंद होणार होतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाचं मुख्य ठाणं लांब शहरात. "तुमची कचेरी बसून खाते," असं तिथल्या बड्या साहेबांनी बजावलं होतं. कचेरी शहरात गेली की कारकून लोर्ना हॅगनची नोकरी जाणार होती.

खटला साधा होता. व्हर्नन स्क्यूजने म्हणे राष्ट्रीय उद्यानातली एल्क हरणं मारून त्यांचं सॉसेज विकलं. सरकारकडे साक्षीदार एकच, उद्यानाचा रखवालदार, आणि त्यालाही धुक्यात नीट दिसलं नव्हतं.

ज्यूरीसाठी आसपासच्या सगळ्या काउंट्यांतून माणसं बोलावलेली. आरोपीला न ओळखणारी बारा डोकी तरी मिळावीत, हा हेतू. सगळ्यांनी खरं बोलायची शपथ घेतली. जज टेनब्रुकनी विचारलं, "आरोपीला कोण कोण ओळखतं?"

झाडून सगळे हात वर. लोर्नाने डोळे मिटले.

"कसं ओळखता, बाई?" जजसाहेबांनी पहिल्या बाकावरच्या मिसेस ओडेगार्डना विचारलं.

"अहो, गाडी घेऊन दारात येतो ना तो! त्याच्या सॉसेजशिवाय आमचा ख्रिसमस होत नाही."

"कसलं सॉसेज?"

"एल्कचं. तेही उद्यानातलंच हवं, बाहेरचं चिवट लागतं."

"काहीतरीच काय, बाई!" मागून डेल न्हावी ओरडला. "सगळी कमाल नेमाची. मी गेलोय ना त्याच्याबरोबर. एका गोळीत आडवं करतो पठ्ठ्या!"

व्हर्नन लाजून हसला. त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. सरकारी वकील अल्वाराडोबाई मात्र भराभर लिहीत सुटल्या. एका साक्षीदाराचे आता चाळीस झाले होते.

जेवणाच्या सुट्टीआधीच व्हर्ननने गुन्हा कबूल केला.

लोर्ना रडकुंडीला आली. "ज्यूरी नाही, खटला नाही. संपली आमची कचेरी!"

"संपतेय कसली?" अल्वाराडोबाई म्हणाल्या. "असलं मांस जाणूनबुजून विकत घेणं हाही गुन्हाच. एवढे खटले चालवायचे तर कोर्टाला इथेच बिऱ्हाड थाटावं लागेल."

लोर्नाचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात ती बाईंना मिठीच मारायला निघाली.

"बरं, तुम्ही कुठलं घेता हो?" बाईंनी सहज विचारलं. "साधं की लसणाचं?"

"लसणाचं," लोर्ना म्हणाली.